रिमोट स्टार्टर स्वतः बसवताना: हिवाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या मिनेसोटात किंवा कॅनडातल्या मॅनिटोबात पारा उणे २५ च्या खाली गेला की रिमोट स्टार्टर, म्हणजे गाडीत न बसता दुरून इंजिन सुरू करणारं यंत्र, ही चैन राहत नाही. चावी फिरवून सुरू होणाऱ्या ऑटोमॅटिक टोयोटावर फोर्टिन कंपनीचं इव्हो-ऑल मोड्यूल (रिमोट स्टार्टरचा मुख्य डबा) आणि गाडीच्या त्याच मॉडेलसाठी तयार मिळणारा टी-हार्नेस (तारा न कापता मूळ कनेक्टरमध्ये जोडायचा तारांचा संच), अशी जोडी अख्खा हिवाळा चांगली चालली. गाडीच्या मूळ रिमोटचं लॉक बटण तीनदा दाबायचं की इंजिन सुरू. वेगळा रिमोट बाळगावा लागत नाही, पण रेंजही मूळ रिमोटइतकीच मिळते. इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून गाडी सुरू करायची असेल तर लांब पल्ल्याचा अँटेना असलेला किट घ्यावा.

प्रत्यक्ष जोडणी सोपी आहे. कस लागतो तो तयारीत, आणि हिवाळ्यात येणारे बहुतेक बिघाड तिथेच राहिलेले असतात.

आधी फर्मवेअर, म्हणजे मोड्यूल चालवणारं सॉफ्टवेअर. मोड्यूलमध्ये आपल्या गाडीचं वर्ष आणि चावीचा प्रकार पाहून ते भरावं लागतं; त्यासाठी मोड्यूल संगणकाला जोडणारी फ्लॅशलिंकची केबल आणि संगणक हवा. विक्रेत्याने आधीच भरून दिलं तरी गाडीशी ओळख करून देण्याचं काम उरतंच. काही टोयोटांमध्ये ते अर्ध्यावर थांबवून, मोड्यूल काढून, नेटवर डेटा उलगडून परत जोडावं लागतं. गॅरेजमध्ये नेट पोचतं का, हे आधीच बघून ठेवा.

टी-हार्नेस नसेल तर इग्निशन स्विचमागची प्रत्येक तार मल्टिमीटरने ओळखावी. टेस्ट लॅम्प नको. तो जास्त करंट ओढतो आणि नाजूक सर्किटला धक्का देऊ शकतो. कायम १२ व्होल्ट दाखवते ती मुख्य तार. चावी ऑनवर आणि स्टार्टवर, दोन्ही वेळी व्होल्टेज टिकतं ती इग्निशनची. ऑनवर १२ आणि स्टार्ट करताना शून्य, ती अ‍ॅक्सेसरीची. फक्त स्टार्ट करतानाच जागी होते ती स्टार्टरची. काही गाड्यांत इग्निशनच्या किंवा स्टार्टरच्या दोन-दोन तारा असतात. एक सुटली तर इंजिन पेटून लगेच बंद पडतं किंवा ब्लोअर चालत नाही. तारेच्या रंगावर विसंबू नका, मोजून खात्री करा. पिवळ्या आवरणातल्या तारा आणि कनेक्टर एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही, मीटरही लावायचा नाही.

मोजमाप संपलं की बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मगच तारा कापा. बॅटरी विश्रांतीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा, कारण कमी व्होल्टेजवर प्रोग्रॅमिंग फसतं. तारा जोडायचे चिमट्यासारखे स्कॉचलॉक कनेक्टर स्वस्त असले तरी ते टाळा: ते तारेचे धागे कापतात आणि थंडीत आकुंचन पावले की संपर्क सैल होतो. सोल्डर करून कापडी टेप गुंडाळा. ग्राउंडसाठी चॅसिसवरचा रंग खरवडून उघड्या धातूवर रिंग टर्मिनल घट्ट बसवा. डॅशखालच्या प्लास्टिकला जोडलेल्या कंसावर ग्राउंड घेतला की मोड्यूल मधूनमधून अडखळतं आणि दोष शोधता शोधता दिवस जातो. हे सगळं गरम गॅरेजमध्ये करा. गारठलेल्या पॅनेलच्या क्लिपा हमखास तुटतात.

बॉनेट उघडं असल्याचं मोड्यूलला कळवणारा पिन स्विच कोणत्याही सबबीवर गाळू नका. बॉनेट उघडं असताना कुणाचा हात इंजिनच्या पट्ट्याजवळ असेल आणि घरातून कुणी बटण दाबलं, तर त्याला वाचवणारी ही एकच तार आहे. पाण्याची धार पडणार नाही अशा जागी बसवा. गंजला की मोड्यूलला बॉनेट उघडंच वाटतं आणि गाडी सुरू होत नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीवर हे काम स्वतः करू नका, चुकून गिअरमध्ये राहिली तर ती चालू लागेल.

शेवटी मोड्यूल आणि तारा झिप-टायने वर बांधा. लोंबती तार पेडलमध्ये किंवा स्टेअरिंगच्या दांड्यात गुंतू शकते. मग चाचण्या घ्या: चालू असताना ब्रेक दाबला की इंजिन बंद व्हायला हवं, बॉनेट उघडलं तरी बंद व्हायला हवं. रिमोटने सुरू झालेली गाडी ताब्यात घेताना चावी घालून ऑनवर फिरवायची, स्टार्टपर्यंत न्यायची नाही, आणि मग ब्रेक.

वापरताना लक्षात आलेलं: आदल्या रात्री ब्लोअर काचेकडे आणि तापमान गरमवर ठेवून गाडी बंद करावी. सीट हीटर बटणाचा असेल तर तो आपोआप लागत नाही. वायपर बंदच हवेत. काचेला गोठून चिकटलेले असताना मोटर चालू झाली तर फ्यूज उडतो. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये, दार उघडं असलं तरी, रिमोटने गाडी सुरू करू नका, कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. आणि कडाक्याच्या थंडीत ब्लॉक हीटर (बंद इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर) लावणं सोडू नका. रिमोट स्टार्टर थंडीने घट्ट झालेलं तेल पातळ करत नाही, फक्त चावी फिरवायचं काम करतं.