हौशी गेम डेव्हलपमेंटसाठी कोड एडिटर: गोदोचा आतला, व्हीएस कोड, व्हिज्युअल स्टुडिओ की रायडर?

थीम किती छान दिसते, शॉर्टकट किती आहेत, यावरून एडिटर निवडू नका. छंदाच्या प्रकल्पाला वेळ मिळतो तो रात्रीचा तासभर. उडी मारताना पात्र भिंतीत का अडकतं हे शोधण्यात तो तास जाणार असेल, तर तुमच्या इंजिनशी (गोदो, युनिटी, अनरिअल अशा गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरशी) बोलणारा डीबगर, म्हणजे कोडमधली चूक शोधायचं साधन, हवाच. म्हणून आधी इंजिन ठरवा, एडिटरचं नंतर पाहू.

गोदो आणि त्याची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट ठरलं असेल, तर बाहेर काही शोधूच नका. सीन ट्रीमधला (दृश्यातल्या घटकांच्या यादीतला) नोड कंट्रोल दाबून स्क्रिप्टमध्ये ओढला की त्या नोडला कोडमध्ये जोडणारी ऑनरेडी व्हेरिएबलची ओळ आपोआप लिहिली जाते. क्लासच्या नावावर कंट्रोल-क्लिक केलं की माहितीपान तिथेच उघडतं. नवशिक्यासाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही. व्हीएस कोडमध्ये एक्स्टेंशन (वरून जोडायचा भाग) टाकून जीडीस्क्रिप्ट लिहिता येतं, पण लिहिताना दिसणाऱ्या कोडच्या सूचना गोदोकडूनच येतात, म्हणजे गोदो मागे चालू ठेवावंच लागतं. गोदोत सी शार्प ही भाषा वापरणार असाल तर मात्र आतला एडिटर तोकडा पडतो. तिथे बाहेरचाच घ्या.

युनिटीवाल्यांची खरी निवड व्हीएस कोड आणि रायडर यांत आहे. व्हीएस कोड हलका आणि फुकट. युनिटीचं एक्स्टेंशन टाकलं की ब्रेकपॉइंट लावून चालू गेम कोडच्या हव्या त्या ओळीवर थांबवता येतो. शिवाय उद्या लुआ किंवा पायथॉन या भाषांकडे वळलात तरी एडिटर तोच राहतो.

पण युनिटीची खरी जाण रायडरला आहे. अपडेट फंक्शनमध्ये गेटकंपोनंट ही वस्तूचा एखादा भाग शोधणारी आज्ञा लिहिलीत, की हे दर फ्रेमला चालणार आणि महागात पडणार, हे तो तिथल्या तिथे दाखवतो. त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच: कोडमध्ये वेग ५ लिहिला आहे, पण इन्स्पेक्टरमध्ये (वस्तूची मूल्यं बदलायच्या युनिटीच्या खिडकीत) तो कधीतरी ८ केला होता, असा घोळ युनिटीत नेहमी होतो. वेगासारख्या पब्लिक फील्डची किंमत कुठल्या सीनमध्ये किंवा प्रीफॅबमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार वस्तूत) बदलली आहे, हे रायडर त्या ओळीपाशीच सांगतो. एरवी हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. ऑक्टोबर २०२४ पासून तो अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. अट एवढीच, की गेम विकायला काढायचा असेल तर परवाना विकत घ्यावा लागतो, आणि मोफत परवान्यात वापराची निनावी आकडेवारी पाठवणं बंद करता येत नाही. हे पटत नसेल तर रायडर सोडा.

व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या डेव्हलपरला गेम विकायचा असला तरी मोफत आहे. तो फक्त विंडोजवर चालतो. मॅकची आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली. अनरिअलमध्ये सी प्लस प्लस लिहिणार असाल आणि विंडोजवर असाल, तर हाच घ्या किंवा रायडर. अनरिअलसाठी व्हीएस कोडच्या वाटेला मी तरी जाणार नाही.

निओव्हिम हा कीबोर्डवरून चालवायचा एडिटर आधीपासून हातात बसलेला असेल तर खुशाल वापरा. केवळ गेमसाठी म्हणून शिकायला घेऊ नका, दोन गोष्टी एकदम शिकताना गेम मागे पडतो.

लॅपटॉपमध्ये रॅम ८ जीबी असेल, तर युनिटीशेजारी रायडर उघडल्यावर दोन्ही रखडण्याची शक्यता बरीच. अशा मशीनवर व्हीएस कोड घ्या, आणि एक्स्टेंशनं लागतील तेवढीच टाका.