उभ्याने तण उपटायचं हत्यार: घरात कुत्री आहेत म्हणून घेतलं, कितपत चालतं ते सांगते

ते लांब दांड्याचं, खाली नखं असलेलं तण उपटायचं हत्यार बऱ्याच जणांच्या कार्टमध्ये पडून असतं, घ्यावं की नको घ्यावं करत. मी घेतलं, अख्खा पावसाळा आणि पुढची थंडी वापरलं, म्हणून लिहितेय. मार्क आधीच देऊन टाकते, ५ पैकी साडेतीन. अर्धा कापलाय तो लव्हाळ्यामुळे आणि एक पेडलच्या बोल्टमुळे, ते पुढे येतंच.

आमचं घर तळेगावला, पुढे छोटं लॉन, वर लॉनवाल्याने टाकलेला लाल मातीचा थर आणि खाली सरळ मुरूम. कुत्री दोन. गुंड्या लॅब आहे, म्हणजे जमिनीवर जे काही पडेल ते आधी तोंडात आणि विचार नंतर. चिंगी गावठी, ती खात काही नाही पण फिरून आली की पंजे चाटत बसते, अर्धा अर्धा तास. हे दोन स्वभाव सांगितले कारण तणनाशकाचा प्रश्न नेमका इथेच अडतो, गवतावर जे मारलंय ते एक तर तोंडाने जाणार नाहीतर पंजाने.

आमचे माळीमामा दर पावसाळ्यात एकच सांगतात, "ताई, एक पंप मारतो, आठ दिवसांत साफ." काय मारणार मामा, तर "ते राउंडअपसारखं असतं ना ते". म्हणजे ग्लायफोसेट. आता एक तर ग्लायफोसेट तण आणि लॉन असा भेद करतच नाही, हिरवं दिसलं की मारलं, त्यामुळे लॉनमध्ये ते मारायचं म्हणजे लॉनच घालवायचं. दुसरं म्हणजे केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात अधिसूचना काढली होती की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं, त्यामुळे कोणीही पंप पाठीला लावून यावं असली ही वस्तूच नाही. मग मामांचा दुसरा पर्याय टू फोर डी, ते रुंद पानाचं तण मारतं आणि गवत ठेवतं, लॉनवाले तेच वापरतात. पण कुत्र्यांची किडनी हे औषध इतर बऱ्याच प्राण्यांपेक्षा हळू बाहेर टाकते. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने २०१३ मध्ये अभ्यास केला होता, घरच्या लॉनवर फवारणी झाल्यावर कुत्र्यांच्या लघवीत ही औषधं सापडली, आणि गंमत म्हणजे ज्यांच्या घरी फवारलंच नव्हतं अशाही काही कुत्र्यांच्या लघवीत सापडली. शेजारून उडून आलं असेल नाहीतर फिरायला गेल्यावर लागलं असेल. म्हणजे लगेच कुत्रं आजारीच पडतं असं मी म्हणत नाही, लेबलप्रमाणे मारून पूर्ण वाळेपर्यंत आत बांधून ठेवणारे लोक आहेत आणि त्यांची कुत्री मजेत आहेत. पण पंजे चाटणारी चिंगी आणि पावसाळी दमट गवत, जे दिवस दिवस वाळत नाही, हे बघून मला ते नको वाटलं. आणि पॅराक्वाट नावाचं तणनाशक कोणी सुचवलं तर त्या माणसाला गेटच्या आत घेऊ नका, त्याला उतारा नाही, फुप्फुसं जातात, माणसाचीही आणि कुत्र्याचीही.

तर हत्यार. दांडा कमरेच्या वर येतो, खाली चार नखं, बाजूला पाय द्यायला पेडल. नखं तणाच्या मधोमध धरायची, पेडलवर पाय देऊन जमिनीत घुसवायची, मग दांडा पेडलच्या बाजूला कलता करायचा, की नखं मिटतात आणि तण मुळासकट वर. मुठीजवळ एक सरकता भाग आहे, तो खाट करून मागेपुढे केला की गोळा बादलीत पडतो. पहिल्या दिवशी हे करताना जाम भारी वाटतं, खोटं कशाला बोलू, सासरे पण दोनदा येऊन करून गेले.

कंबरमोडी, पाथरी, कोवळा टाकळा, आघाड्याची रोपं, काँग्रेस गवत, म्हणजे ज्याला एक सरळ सोटमूळ आहे ते सगळं अक्षरशः लोण्यातून सुरी गेल्यासारखं येतं. काँग्रेस गवताचं विशेष सांगते, ते फुलायच्या आत काढायचं आणि हातात मोजे घालून काढायचं, त्याने माणसांना अंगावर उठतं तसं कुत्र्यांच्या पोटालाही उठू शकतं, केस कमी असतात ना तिथे. या हत्याराने हात लागतच नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला. टाकळ्याची भाजी करावी असं सासूबाईंचं म्हणणं होतं पण त्या लॉनवर कोण कुठे पाय वर करतं ते मला माहितीये, त्यामुळे तो विषय मी वाढू दिला नाही.

आघाडा आणि कुसळी गवत यांच्याकडे मात्र कुत्रेवाल्यांनी तणनाशकाच्याही आधी बघावं असं माझं मत आहे. कुसळ बोटांच्या मधे शिरतं, कानात शिरतं, आणि त्याला टोक असं असतं की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. चिंगीच्या पुढच्या पायाचं एक कुसळ डॉक्टरांना भूल देऊन काढावं लागलं, बाहेरून नुसती फोडीएवढी सूज दिसत होती. कुंपणाच्या कडेने जे वाढतं ते तुरे यायच्या आधी कापून टाका, उपटायची पण गरज नाही.

आता जिथे हत्यार हरतं ते. लव्हाळा. नागरमोथा म्हणतात तोच. वरची पात येते हातात, खाली गाठ राहते जमिनीत, आणि एका गाठीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी माळच असते, वरची तोडली की खालच्या झोपलेल्या जाग्या होतात. चार नखांचं हत्यार त्या माळेतली एखादी गाठ काढतं आणि बाकीच्यांना जणू निरोप देतं की आता तुमची पाळी. त्यासाठी खुरपंच पाहिजे, तेही पाऊस पडून गेल्यावर, माती भुसभुशीत असताना, खोल खणून गाठीसकट, आणि पुन्हा उगवलं की लगेच पुन्हा. पात हिरवी राहू दिली की ती गाठीला जेवण पाठवत राहते. ऊसवाले यावर हॅलोसल्फ्युरॉन नावाचं तणनाशक मारतात आणि ते चालतं पण, पण लॉनसाठी आणि कुत्र्यांच्या घरात मी त्यात पडले नाही, थोडा लव्हाळा मला चालतो. आंबुशीचंही तेच, ती जमिनीला चिकटून पसरते आणि गाठीगाठीला मुळं सोडते, नखांत येतच नाही, ती हातानेच.

जमिनीचं म्हणाल तर जूनच्या शेवटी ते ऑगस्ट हा खरा सीझन. भर पावसात चिकट मातीचा गोळा नखांत अडकून बसतो आणि तो सरकता भाग ओढून ओढून मनगट दुखतं, काळी माती असेल तर आणखीच. मे महिन्यात पेडलवर उभं राहिलं तरी आत जात नाही, आमच्याकडे तर खाली मुरुमावर नख आपटतं आणि तसंच करता करता पेडलचा बोल्ट ढिला झाला. पाना आणून कसला, पुन्हा ढिला झाला, शेवटी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घेतला तेव्हापासून ठीक आहे. पंधराशेच्या आसपासच्या वस्तूला हे व्हायला नको होतं.

आणि एक फक्त कुत्रेवाल्यांना कळेल असा त्रास. तण निघालं की तिथे छान गोल खड्डा राहतो आणि ताज्या मातीचा वास, मग गुंड्याला वाटतं आपल्यासाठीच खणून ठेवलंय. उपटलं की लगेच मूठभर माती घालून पायाने दाबायची, गवताची काडी खोचायची. नाहीतर दुसऱ्या दिवशी लॉन नाही, उकिरडा.

खरं तर मला राग आला तो हत्याराचा नाही, सेंद्रिय म्हणून विकतात त्या गोष्टींचा. जवळच्या एका नर्सरीत विचारलं, घरात कुत्री आहेत, लॉन दाट व्हायला काय घालू, म्हणजे तण कमी येईल. त्याने हसत एरंडीची पेंड काढून दिली, "ताई एकदम ऑर्गॅनिक, काही होत नाही". एरंडीच्या बियांतलं तेल काढलं तरी रायसिन पेंडीतच राहतं, नीट उष्णता देऊन नष्ट केलं नसेल तर ते विषच आहे, आणि पेंडीचा वास कुत्र्यांना आवडतो, त्यात बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, मिसळलेलं असेल तर मग काय मेजवानीच. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि ते लगेच नाही तर काही तासांनी सुरू होतं त्यामुळे कशाने झालं हेच कळत नाही. उतारा नाही. मी पिशवी तिथेच ठेवून आले आणि गांडूळखत घेतलं, तेही पसरलं की झाडूने गवतात मुरवायचं आणि पाणी मारायचं, कारण गुंड्या तेही चाखून बघतो. तणनाशकाला घाबरून पेंड घालणारे लोक बघितले की मला काय बोलावं कळत नाही.

मीठ-व्हिनेगरचा जो उपाय फिरतो तो पण सांगून टाकते. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर वरची पानं जाळतं, मूळ मजेत असतं. मिठाने माती खराब होते आणि कुत्र्याने चाटलं तर पोटात मीठ जास्त जाणं हे साधं दुखणं नाही. फरशीच्या फटीत मात्र उकळतं पाणी ओतते मी, चहाचं आधण टाकलं की उरलेलं, कुत्र्यांना आत ठेवून. ते बेस्ट आहे, फुकट आहे.

बाकी लॉन थोडं उंच ठेवलं, दोन इंचाच्या आसपास, की नवीन तण सावलीत दबतं, कटिंगवाल्याला हे दरवेळी सांगावं लागतं कारण त्यांना टक्कल केल्याशिवाय पैसे फिटल्यासारखे वाटत नाहीत. आणि जिथे कुत्रं सारखं लघवी करतं तिथे गवत पिवळं पडून मरतं आणि त्या टकलात पहिलं येतं ते तण, त्यामुळे लगेच तांब्याभर पाणी ओतलं तर निम्मं काम आधीच वाचतं.

घ्यायचं असेल तर तीन नखांचं घेऊ नका, चार नखांचंच घ्या. पेडल बोल्टने बसवलंय की वेल्ड केलंय ते फोटो मोठा करून बघा, दांडा स्टीलचा असेल तर जड पडतो पण वाकत नाही, अॅल्युमिनियमचा मुरमाट जमिनीत टिकेल असं वाटत नाही. आणि लॉनमध्ये नुसता लव्हाळाच असेल तर पैसे वाचवा, लोहाराकडून चांगलं खुरपं करून घ्या.