जुन्या सायकलीसाठी सीलबंद बॉटम ब्रॅकेट : काय सुधारते आणि काय नाही

जुन्या पोलादी सायकलीच्या क्रँकपाशी (पायडलाच्या दांड्यापाशी) दर फेऱ्याला एकदा येणारा 'टक्' असा आवाज बहुतेक जण बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणारा एक्सल (आस) ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या जोडणीच्या, माथी मारतात. त्यामुळे एक्सल, बेअरिंग आणि त्यांचे कवच एकत्र जोडून येणाऱ्या सीलबंद कार्ट्रिजकडून प्रत्येक दुखण्यावर इलाज होईल, अशी अपेक्षा ठेवली जाते. सुटे छर्रे आणि कॉटर पिनांचे (एक्सलवर पाचरीसारख्या पिनांनी अडकवलेले) क्रँक असलेल्या माझ्या जुन्या सायकलीत मी चौकोनी टोकांचे असे कार्ट्रिज आणि त्यासोबत ॲल्युमिनियमचे क्रँक बसवले आहेत. ही वस्तू मला मनापासून आवडली. मात्र ती घेण्याआधी दोष नेमका कोठे आहे हे पाहिले नाही, तर चांगले कार्ट्रिजही वाया जाते.

जुन्या रचनेत फ्रेमच्या आडव्या नळीत दोन्ही बाजूंनी आट्यांवर बसणाऱ्या कपांमध्ये बहुधा पाव इंची 11-11 छर्रे असतात आणि डावा कप फिरवून त्यांचा ताण जुळवावा लागतो. कप जरा जास्त आवळला तर एक्सल जड फिरतो, जरा सैल राहिला तर क्रँक आडवा हलतो, आणि सीटच्या नळीतून उतरणारे पाणी आत साचले की ग्रीस धुऊन जाऊन कपांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. एकदा खळगे पडले की कितीही ताजे ग्रीस भरले तरी खरखर जात नाही. सीलबंद कार्ट्रिजमध्ये हा जुळणीचा प्रश्नच उरत नाही. हाताने एक्सल फिरवून पाहिला तर त्याला सीलचा हलका, सारखा अडसर जाणवतो, पण तो कोठेही अडखळत नाही किंवा बाजूला हलत नाही. पावसात वापरूनही माझ्या सायकलीत ही स्थिती बदललेली नाही.

खरेदी करताना सगळ्यात आधी फ्रेमचे आटे तपासावेत. सर्वाधिक आढळणारे बीएसए (ब्रिटिश मापाचे) आटे 1.37 इंच व्यासाचे आणि इंचाला 24 असतात, कप ज्यात बसतात त्या आडव्या नळीची रुंदी बहुधा 68 मिमी असते, आणि चेनकडचा कप उलट्या आट्यांचा असल्यामुळे तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळावा लागतो. इटालियन फ्रेममध्ये व्यास 36 मिमी, रुंदी 70 मिमी आणि दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात. रॅलेच्या अनेक जुन्या सायकलींत इंचाला 26 आटे आणि 71 किंवा 76 मिमी रुंदीची नळी आढळते. अशा फ्रेममध्ये बीएसए कार्ट्रिज जोर लावून घुसवल्यास फ्रेमचेच आटे कापले जातात, आणि ते नुकसान कोणत्याही नव्या भागाने भरून निघत नाही.

दुसरी बाब एक्सलच्या लांबीची. जुना एक्सल मोजून तेवढ्याच लांबीचे कार्ट्रिज मागणे हा सर्रास चालणारा मार्ग आहे, पण क्रँक बदलणार असाल तर त्या मापाला अर्थ राहत नाही. लांबी ठरते ती क्रँकनुसार आणि चेनच्या रेषेनुसार : चेनव्हीलचे (क्रँकवरच्या दातेरी चाकाचे) दात सीटच्या नळीच्या मध्यरेषेपासून जितके दूर, तितकीच मागची दातेरी चकती चाकाच्या मध्यापासून दूर असायला हवी. दोन्ही बाजूंना सारख्या असलेल्या एक्सलची लांबी 5 मिमीने वाढवली, तर चेनव्हील सुमारे 2.5 मिमी बाहेर सरकते, एवढा हिशेब पुरतो. चौकोनी टोकांचेही जेआयएस (जपानी मानक) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) असे दोन प्रकार आहेत. आयएसओ क्रँक जेआयएस एक्सलवर चढवला तर तो सुमारे 4.5 मिमी बाहेर राहतो, आणि तेवढ्या फरकाने चेन तिरकी पडते. वेष्टनावर नळीची रुंदी आणि एक्सलची लांबी ठळक छापलेली असते, टोकाचा प्रकार मात्र बरेचदा नसतो. ही मला या वस्तूच्या विक्रीतली खरी उणीव वाटते.

आता क्रँकच्या सरळपणाविषयी. कॉटरच्या सायकलीत दोन्ही पायडल एका रेषेत नसतील, तर आधी पिना पाहाव्यात. दोन्ही पिनांचा कानशीने घासलेला उतार सारखा असावा लागतो आणि क्रँक आडवे धरले असता एका पिनेचा नट वर, तर दुसरीचा खाली यावा लागतो. वेगवेगळ्या उताराच्या पिना ठोकल्या की क्रँकमधला कोन 180 अंशांचा राहत नाही, आणि पायाला सतत लंगडेपणा जाणवतो. चौकोनी टोकांवर क्रँक चारच स्थितींत बसू शकतो, म्हणून ही तक्रार मुळातूनच मिटते. चेनव्हील डुलत असेल तर क्रँक काढून शेजारच्या बाजूवर, म्हणजे 90 अंश फिरवून बसवावा. डुलणे त्याच दातापाशी राहिले तर चेनव्हील किंवा क्रँक वाकडा आहे. जागा बदलली तर एक्सल वाकडा आहे. ही तपासणी नवे कार्ट्रिज घेण्यापूर्वीच करावी, कारण वाकडा क्रँक नव्या एक्सलवरही वाकडाच फिरतो.

सैल बोल्टवर चालवलेल्या ॲल्युमिनियमच्या क्रँकचे भोक रुंदावलेले असते. तो बसवल्यावर एक्सलचे टोक बोल्टच्या बैठकीला येऊन टेकत असेल, तर बोल्ट क्रँकला नव्हे, एक्सललाच दाबत असतो. असा क्रँक टाकूनच द्यावा. बसवताना कार्ट्रिजला 50 ते 70 आणि क्रँकच्या बोल्टला 35 ते 50 न्यूटन-मीटर पीळ साधारणपणे सांगितला जातो. पीळ मोजणारा टॉर्क पाना, कार्ट्रिज आवळण्याचे 20 खाचांचे हत्यार आणि क्रँक उपसून काढणारा क्रँक पुलर नसेल, तर हे काम कारागिराकडे सोपवणे योग्य. फ्रेमचे आटे मात्र ब्रशने स्वच्छ करून त्यांना ग्रीस लावल्याशिवाय काहीही बसवू देऊ नये, कारण गंजून चिकटलेला कप पुढे काढताना फार छळतो.

हे कार्ट्रिज सामान्यतः उघडून दुरुस्त होत नाही. बेअरिंग संपले की अख्खा भाग बदलावा लागतो. म्हणून ज्यांच्या जुन्या कपांची वाट आणि एक्सल अजून गुळगुळीत आहेत, त्यांना मी ही खरेदी सुचवणार नाही. त्यांनी नवे छर्रे आणि ताजे ग्रीस घालून घ्यावे. खळगे पडलेले कप आणि झिजलेल्या कॉटर पिना ज्यांच्या वाट्याला आल्या आहेत, त्यांनी योग्य लांबीचे कार्ट्रिज आणि त्याला जुळणारे क्रँक निःशंकपणे घ्यावेत.