बिलिव्हड: एनपीआरचा पॉडकास्ट, आईबापांनी तरी ऐकाच

मुलीला जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला सोडून मी दीड तास खाली गाडीत बसते, त्या वेळात हा पॉडकास्ट ऐकला आणि दोन आठवड्यांत संपवला. मिशिगन रेडिओ आणि एनपीआर (अमेरिकेतलं पब्लिक रेडिओ नेटवर्क) यांचा आहे, २०१८ चा, लिंडसे स्मिथ आणि केट वेल्स या दोघी पत्रकार सांगतात. लॅरी नासर म्हणजे अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर, ट्रीटमेंटच्या नावाखाली शेकडो मुलींचं लैंगिक शोषण केलं त्याने. केस मला बातम्यांपुरती माहीत होती, पण इथे त्याच्यापेक्षा त्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना जास्त बोलू दिलंय, मला तेच सगळ्यात आवडलं.

काइल स्टीफन्सची गोष्ट ऐकून मी गाडीतच रडले. ती त्याची पेशंट नव्हतीच, नासर तिच्या आईवडिलांचा मित्र, घरचं येणंजाणं, आणि सहा वर्षांची असल्यापासून त्याच्याच घरात तिच्यासोबत हे सगळं होत होतं. बाराव्या वर्षी तिने घरी सांगितलं तर आईवडिलांनी मित्राचं खरं मानलं, पोरीचं नाही. वडील तिला सारखे म्हणायचे की लॅरीची माफी माग. खूप वर्षांनी त्यांना खरं पटलं, आणि २०१६ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जानेवारी २०१८ मध्ये कोर्टात १५० हून जास्त जबाब झाले त्यात सगळ्यात आधी ही उभी राहिली. आपल्याकडे २०१२ पासून पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आहे, माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करता येतो, पण काका आहेत ते, असं कसं बोलतेस, हे वाक्य कुठल्या घरात ऐकलं नाही सांगा.

आणि दुसरं म्हणजे पेशंट मुलींची ट्रीटमेंट चालू असताना कित्येक वेळा आई त्याच खोलीत बसलेली असायची, नासर मध्ये उभा राहून तिला दिसणार नाही असं करायचा आणि तिच्याशी गप्पा मारत राहायचा. त्या आया आता बोलतात ना तेव्हा त्यांचा आवाज ऐकवत नाही. २००४ मध्ये एक १७ वर्षांची मुलगी आईला घेऊन पोलिसांत गेली होती, म्हणजे घरच्यांनी विश्वास ठेवला होता, तरी नासरने पोलिसांना पॉवरपॉइंट दाखवून ही मेडिकल ट्रीटमेंट आहे असं पटवलं आणि केस बंद. पुढची बारा वर्षं तो मोकळा होता, मला याचा अजून राग येतोय.

नासर जिथे नोकरीला होता त्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने काय केलं काय नाही तो भाग मला जरा लांबला असं वाटलं, नावं खूप येतात, मागे जाऊन परत ऐकावं लागलं. इंग्लिश सोपं आहे. मुलं आसपास असताना स्पीकरवर लावू नका, आणि ज्यांच्या स्वतःच्या बाबतीत असं काही झालंय त्यांनी एकटीने एका दमात ऐकू नये, वर्णनं स्पष्ट आहेत.

काल घरी येताना मी मुलीला विचारलं की सर स्ट्रेचिंग करून घेताना कुठे कुठे धरतात, तिने नीट सगळं दाखवलं, काळजीसारखं काही नव्हतं, मग म्हणाली, आई तू हे कधीच विचारलं नव्हतंस.