शॉर्ट्स की मोठा व्हिडिओ? एका द्राक्षवाल्याचा अनुभव

ज्याला दिवसभर बाग बघून संध्याकाळी तासभरच यूट्यूब चॅनेलला देता येतो, त्याला हा प्रश्न पडतोच. मी दीड वर्ष शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ टाकले, आता बहुतेक मोठे व्हिडिओ करतो. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, आधीच सांगतो.

शॉर्ट्सचं देणं नाकारता येत नाही. माझे पहिले सहा-सातशे सदस्य त्यांनीच दिले. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात मोबाईल, चाळीस सेकंदात काम उरकतं. ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतची मुभाही आहे. आकडे मात्र जरा बेतानेच मनावर घ्यावेत. मार्च २०२५ च्या अखेरीपासून शॉर्ट नुसता चालू झाला तरी व्ह्यू धरला जातो, कोणी अंगठ्याने पुढे ढकलला तरीही.

मला खटकली ती गोष्ट वेगळीच. ऑक्टोबरात गोडी छाटणीचा, म्हणजे फळासाठी करतात त्या छाटणीचा, एक शॉर्ट टाकला होता, काडी कुठे कापायची एवढंच दाखवणारा. तेव्हा तो फारसा चालला नाही. चालला तो एप्रिलमध्ये, द्राक्षं निघाल्यावरची खरड छाटणी ऐन भरात असताना! खरडीत एक-दोन डोळे (काडीवरचे कोंब) ठेवून काडी मागे घेतात, आणि माझ्या व्हिडिओत ती चांगली लांब. खाली कमेंटांचा पाऊस: "दादा, एवढी काडी राखतात का कुठे?" तासगावकडच्या एका बागाइतदाराचा तर फोनच आला. त्यांच्या मजुरांनी तो बघून एक ओळ तशीच कापली होती. ते हसत होते, मला मात्र रात्रभर झोप नाही. शॉर्ट कोणाच्या पुढ्यात कधी जाऊन पडेल, ते आपल्या हातात नाही. व्हिडिओवर तारीख असते, पण ती बघतो कोण?

मोठ्या व्हिडिओचं उलट आहे. तो माणूस स्वतः शोधत येतो, गरज पडेल त्या आठवड्यात. मग काडी तपासून घड कितव्या डोळ्यावर आहे ते बघा, त्यानंतरच कात्री लावा, हे सांगायला निवांत वेळ मिळतो. शीर्षक मी शेतकरी मोबाईलवर बोलून विचारतो तसंच ठेवतो: "घड का जिरतात", म्हणजे वाढायच्या आधीच नाहीसे का होतात. सुरुवात फार रडतखडत होते, हेही खरं. पहिल्या महिन्यात माझ्या व्हिडिओला शंभर माणसंही आली नव्हती.

पैशांचं थोडक्यात: जाहिरातींच्या वाट्यासाठी हजार सदस्य आणि वर्षभरात लोकांनी बघितलेले ४००० तास लागतात, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेले तास त्या चार हजारांत धरत नाहीत. हे मला उशिरा कळलं.

कॉलेज रोडवरच्या मिसळीचं चॅनेल काढणार असाल तर माझं ऐकू नका, शॉर्ट्सच बरे. मिसळीला मोसम नसतो. आमच्यासारख्यांनी मात्र निदान एक हंगाम मोठ्या व्हिडिओंना देऊन बघावा असं वाटतं.

यंदाही सप्टेंबर लागला तसा दोन वर्षांपूर्वीचा गोडी छाटणीचा व्हिडिओ आपणहून हलू लागला. पहिलाच प्रश्न आला: "माणिक चमनला पण हेच चालेल का?" आता द्राक्षाच्या त्या वाणावर आणखी एक करावा लागणार, पंधरा मिनिटांचा तरी.