बदलापूरचं नवं, डोंबिवलीचं जुनं की घोडबंदरचं ‘ठाणे’?

भाची आणि जावईबापू गेले चार महिने दर रविवारी साइट बघत फिरतायत. ती फोर्टमध्ये नोकरीला, तो बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात). दोघांचे मिळून हातात महिना १ लाख १० हजार येतात, जमवलेले पैसे १६ लाख. मागच्या आठवड्यात तीन कोटेशन्स माझ्यासमोर टाकून म्हणाली, “मामा, तूच सांग आता.” डोंबिवलीहून सीएसएमटी मी बावीस वर्षं केलं, म्हणून मला विचारलं असावं. तिच्यासाठी केलेला हिशोब इथे मांडतोय. मध्य रेल्वेवर पहिलं घर शोधणाऱ्या बऱ्याच जणांसमोर थोड्याफार फरकाने हेच तीन पर्याय येतात: लांबचं, नवं आणि स्वस्त; मधलं, जुनं पण स्टेशनजवळचं; आणि जवळचं वाटणारं महागडं.

तिन्ही घरं वन बीएचके, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) साधारण चारशे चौरस फूट. किमती तिला मिळालेल्या कोटेशनच्या आहेत, तुमच्या इमारतीत वेगळ्या असतील. कर्ज ८ टक्क्यांनी, २० वर्षांचं धरलंय. म्हणजे लाखाला महिना ८३६ रुपये हप्ता. मुद्रांक शुल्क तिन्हीकडे ७ टक्के धरलंय, नोंदणी फी ३० हजार.

| | बदलापूर (काम चालू) | डोंबिवली (रिसेल) | घोडबंदर रोड (काम चालू) |
|---|---|---|---|
| किंमत | ३२ लाख | ५२ लाख | ८० लाख |
| मुद्रांक शुल्क व नोंदणी | २.५४ लाख | ३.९४ लाख | ५.९० लाख |
| जीएसटी | ०.३२ लाख | नाही | ४ लाख |
| दलाली (१ टक्का) | नाही | ०.५२ लाख | नाही |
| एकूण | ३४.८६ लाख | ५६.४६ लाख | ८९.९० लाख |
| पदरचे पैसे | १५ लाख | १५ लाख | २५.९० लाख |
| कर्ज | २० लाख | ४१.५ लाख | ६४ लाख |
| हप्ता | १६,७०० | ३४,७०० | ५३,५०० |
| दारापासून दारापर्यंत, एका बाजूने | २ तास ५ मिनिटं | १ तास ३५ मिनिटं | १ तास ५० मिनिटं |

जीएसटीच्या ओळीत एवढा फरक का? काम चालू असलेल्या घराला ५ टक्के लागतो. पण ४५ लाखांपर्यंतचं आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आतलं घर ‘परवडणारं’ धरतात, त्याला १ टक्काच. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या किंवा जुन्या घराला तो नाहीच.

घोडबंदरचं आधी उरकतो, कारण ते तिच्यापुरतं कागदावरच पडलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के, त्यापुढे ७५. शिवाय या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाहीत, ते पूर्ण पदरचं. म्हणजे ८० लाखांच्या घराला जवळपास २६ लाख रोख हवेत. यांना दहा-अकरा लाख कमी पडतात, ते मग बाबांची एफडी आणि आईच्या पाटल्या. आणि हप्ता हातात येणाऱ्या पैशाच्या निम्मा. उद्या दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर काय, हा प्रश्न विचारला तेव्हा जावईबापू गप्प बसले.

पण मला राग पैशांचा नाही, जाहिरातीतल्या ‘ठाणे’ या शब्दाचा आहे. घोडबंदर रोडवरचं कासारवडवली ठाणे स्टेशनपासून दहा किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी घोडबंदर रोडवर बसमध्ये बसलात की पाऊण तास ते तास स्टेशन गाठायलाच जातो. पुढे ठाणे ते सीएसएमटी फास्टने पाऊण तास. बेरीज करा: स्टेशनपासून दहा मिनिटं चालत असलेलं डोंबिवलीचं घर याहून लवकर ऑफिसला पोचवतं. रेल्वेच्या हिशोबात ठाणे ३४ किलोमीटर आणि डोंबिवली ४८, पण आपण राहतो स्टेशनात नाही, घरात. वडाळा–कासारवडवली ही मेट्रो ४ पूर्ण धावू लागली की हे गणित बदलेल, यात शंका नाही. मात्र त्या मेट्रोची किंमत बिल्डरने आजच लावली आहे आणि तुम्ही प्रवास मात्र आजच्या रस्त्यानेच करणार आहात. तुमचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा घोडबंदरवरच असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा. तुमच्यासाठी हेच पहिलं घर.

आता खरी लढत, बदलापूर आणि डोंबिवली.

लोक म्हणतात, लांब गेलं की प्रवासाचा खर्च वाढतो. मध्य रेल्वेवर हे फारसं खरं नाही. दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सीएसएमटीपासून बदलापूरपर्यंतही काही शे रुपयांतच येतो. डोंबिवली आणि बदलापूर यांच्या पासातला फरक एका हॉटेलच्या बिलाएवढाही नाही. पैसे जातात ते दुसरीकडे. बदलापूरची नवी संकुलं स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटरवर. शेअर रिक्षाचे माणशी वीस धरले तरी दोघांचे, जाऊन-येऊन, २२ दिवसांचे १,७६० होतात. रात्री उशीर झाला की पूर्ण रिक्षा करावी लागते, तेव्हा अडीच हजार धरा. शिवाय पहिल्या पावसाळ्यात माणूस फर्स्ट क्लासकडे बघायला लागतो, दुसऱ्यात एसीकडे. २०२२ च्या मे महिन्यात या दोन्हींची तिकिटं बरीच खाली आली, तरी पास दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट आहे. आणि साधी लोकल काढून तिच्या जागी एसी आणली तर सामान्य पासवाल्याचं काय होतं, हे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या प्रवाशांनी स्टेशनात ठिय्या देऊन सांगितलं होतं.

मग वेळ. बदलापूर ६८ किलोमीटर, फास्टने दीड तास. रिक्षा आणि शेवटचं चालणं धरून सव्वादोन तासांच्या जरा आत. दोघांचा वेळ जवळपास सारखाच पडतो. त्याचं कुर्ला लवकर येतं, पण तिथे बीकेसीच्या रिक्षाची रांग तो फायदा खाऊन टाकते. डोंबिवलीहून दिवसाचा एक तास वाचतो. माणशी महिन्याला २२ तास, दोघांचे ४४.

या ४४ तासांसाठी महिन्याला किती मोजायचे? हप्त्यातला फरक १८ हजार. त्यातून रिक्षाचे अडीच हजार वजा केले तर साडेपंधरा हजार, म्हणजे तासाला साधारण ३५० रुपये. यांची कमाई ताशी काढली (दोघं, २२ दिवस, नऊ तास) तर २७८ पडते. म्हणजे बदलापूर जिंकलं? थांबा. हप्त्यातलं मुद्दल खर्च नाही, ते घरातच राहतं. नुसतं व्याज बघा: पहिल्या महिन्यात ४१.५ लाखांवर २७,६६७ आणि २० लाखांवर १३,३३३. फरक १४,३००, रिक्षा वजा जाता ११,८००. तासाला २६८ रुपये.

अगदी काट्यावर. मी हे दोनदा करून बघितलं, कारण मला वाटलं होतं डोंबिवली आरामात जिंकेल. दोन घरांतला निर्णय आकड्यांनी लागत नाही, तो बाकीच्या गोष्टींनी लागतो.

बदलापूरच्या बाजूने एक गोष्ट मुंबईत बसून कळत नाही: तिथून सुटणाऱ्या लोकलला बसायला मिळतं. दीड तास खिडकीत बसून झोप काढणं आणि डोंबिवलीहून तासभर दोन पायांवर, कोणाच्या तरी बॅगेला नाक लावून उभं राहणं, यात जास्त दमवतं काय हे ज्याचं त्याने ठरवावं. सकाळी आठची फास्ट डोंबिवलीत येते तेव्हा ती आधीच तुडुंब असते. म्हणून तर आमच्याकडे लोक उलट कल्याणला जाऊन, जागा धरून, त्याच गाडीने परत येतात. त्या वेळेला मी वरच्या तक्त्यात धरलेलं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं दोन गाड्यांमधून पडली, ती याच गर्दीतली. भाचीला मी स्पष्ट सांगितलं: डोंबिवली घेतलीस तर डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धर, दहा मिनिटं जास्त लागू देत. उलट कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी बदलापूरलाही भरूनच येते, त्यामुळे ‘बदलापूरला बसायला मिळतं’ हे ठरावीक गाड्यांपुरतंच खरं. तुमच्या वेळेला ती गाडी आहे का, हे आधी बघा.

बदलापूरच्या विरोधात उल्हास नदी. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं होतं. सगळं बदलापूर काही बुडत नाही. पण तुमचं संकुल पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे सेल्स ऑफिसमधल्या रंगीत नकाशावर दिसणार नाही. त्या रस्त्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते तो हात लावून दाखवेल.

काम चालू असलेल्या घराचा आणखी एक छुपा खर्च असतो, तो म्हणजे ताबा मिळेपर्यंतचं भाडं. ही दोघं आज मुलुंडला २४ हजार भाडं भरतात. ताबा वर्षभर लांबला तर २ लाख ८८ हजार गेले, वर बँकेचं चालू व्याज. स्वस्त घराचा स्वस्तपणा यातच बराचसा आटतो.

डोंबिवलीला जुनं घर घ्यायचं तर तिथे वेगळाच घोर असतो: कागद. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची (राज्याच्या गृहबांधणी नियामकाची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण याच शहरातलं, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. घेणाऱ्यांनी रेरा नंबर बघूनच पैसे भरले होते. तेव्हा रेरा नंबर ही सुरुवात समजा. बांधकाम परवानगी आणि ओसी खरी आहे का, हे थेट महापालिकेत जाऊन विचारा. सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालं का, हे सेक्रेटरीला विचारा. तो “प्रोसेसमध्ये आहे” म्हणाला तर किती वर्षांपासून, हेही विचारा. इमारत पंचवीस वर्षांच्या पुढची असेल तर कर्जाची मुदत कमी करायला बँक सांगू शकते, आणि वीसची पंधरा झाली की हप्ता ३४,७०० चा जवळपास ४० हजार होतो. टोकन देण्याआधी बँकेच्या माणसाला इमारतीचं नाव सांगून टाकावं. त्यांची नकाराची यादी आपल्या वकिलाच्या मतापेक्षा लवकर मिळते.

दोन-तीन सुट्या गोष्टी. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. डोंबिवलीच्या घरात ५२ हजार. नवऱ्याचं नाव मालकीत आलं की सूट गेली. मात्र मालकी नसेल तर कर्ज दोघांचं असूनही नवऱ्याला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, त्यामुळे तो तिथे असेल तर हे दुःख करू नका. आणि ज्यांचं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत आहे, त्यांनी पंतप्रधान आवास योजना २.० मधलं व्याज अनुदान जरूर बघावं. ३५ लाखांपर्यंतचं घर, २५ लाखांपर्यंतचं कर्ज, आणि मिळतात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. या अटींत बदलापूर बसतं, डोंबिवली बसत नाही. अशा कुटुंबासाठी माझं मत बदलापूरकडे झुकेल.

पनवेल आणि विरारचं काय, असं जावयाने विचारलं होतं. पनवेलहून सीएसएमटीला फास्ट लोकलच नाही, हार्बरवर सगळी स्टेशनं घेत जावं लागतं. ऑफिस बेलापूर-वाशीला असतं तर मीच तुम्हाला तिकडे ढकललं असतं. विरार अंधेरीवाल्यांनी बघावं.

भाचीला मी डोंबिवली सांगितली, ती वाचणाऱ्या तासासाठी नव्हे. तिचा विचार दोन वर्षांत मुलाचा आहे. माझी बहीण, म्हणजे तिची आई, डोंबिवलीत राहते, आणि पाळणाघर सात वाजता बंद होतं. बदलापूरची गाडी अर्धा तास लेट झाली की दोघांपैकी कोण पोचणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आजीचं घर दोन गल्ल्या पलीकडे असेल तर ते उत्तर लागतही नाही. मूल नको असेल, किंवा एकजण आठवड्यात तीन दिवस घरून काम करत असेल, तर ४४ तासांचे साधारण एकतीस होतात, आणि मग मी बदलापूरच म्हणेन, ओसी मिळालेली इमारत बघून.

तिला एकच काम लावलंय. टोकन देण्याआधी एक सोमवार दोघांनी सकाळी साडेसातला डोंबिवलीच्या त्या इमारतीच्या दारातून निघायचं आणि ऑफिसला जायचं, मंगळवारी बदलापूरहून. परतीचाही प्रवास तिथपर्यंतच करायचा, मुलुंडला उतरून घरी जायचं नाही. सोमवार झालाय. संध्याकाळी तिचा मेसेज आला: “मामा, उद्या बदलापूरला डबा घेऊन जाते, परत येताना भूक लागते.”