म्यानमारच्या लष्कराचा अभ्यास: कॅलहन, माउंग आउंग म्यो की सेल्थ?

संरक्षणशास्त्र, राज्यशास्त्र किंवा आग्नेय आशियाचा इतिहास यांपैकी कोणत्याही विषयात प्रबंधासाठी म्यानमारचे लष्कर निवडले, की कोणता ग्रंथ पायाभूत मानावा हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता हाती घेतली, तेव्हापासून त्या देशाचे राजकारण ‘तात्मादॉ’ला, म्हणजे तिथल्या सैन्यदलांना, वगळून समजतच नाही. आणि नेमकी हीच संस्था स्वतःची कागदपत्रे सहसा बाहेर पडू देत नाही. म्हणून कोणाच्या हाती कोणती साधने आली, यावरच कोणाचे पुस्तक किती खोल जाते हे ठरते. निवडही त्याच कसोटीवर करावी, असे माझे मत आहे.

मेरी कॅलहन यांचे ‘मेकिंग एनिमीज’ २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना रंगूनमधील लष्कराच्याच इतिहास-संशोधन संस्थेतील दप्तरे पाहता आली, आणि त्या दप्तरांतूनच त्यांनी लष्कराच्या अधिकृत कथेला छेद दिला. स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान आणि जपानकडून लष्करी शिक्षण घेतलेल्या त्यांच्या ‘तीस सहकाऱ्यां’नी १९४१ मध्ये उभारलेले सैन्य पहिल्यापासून एकसंध होते, असे ती अधिकृत कथा सांगते. प्रत्यक्षात सप्टेंबर १९४५ च्या कँडी करारानंतर ब्रिटिशांच्या तालमीत तयार झालेल्या करेन, काचिन आणि चिन या अल्पसंख्याक समाजांच्या पलटणी आणि आँग सान यांचे बर्मी सैनिक एका सैन्यात आणले गेले, पण त्यांचा सांधा कधी जुळलाच नाही. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात बंडे उसळली, आणि १९४९ च्या प्रारंभी करेन सरसेनापती स्मिथ डन यांच्या जागी ने विन आले. पुढे कम्युनिस्टांकडून हरून चीनमधून हटलेले कुओमिंतांगचे, म्हणजे चिनी राष्ट्रवादी पक्षाचे, सैन्य शान प्रांतात घुसले. त्याला हुसकावण्यात आलेल्या अपयशातून युद्ध कार्यालयातील अधिकाऱ्यांनी सैन्याची फेररचना केली. या घडामोडींत राज्य उभारण्याचे काम सैनिकांच्या हाती गेले आणि नागरिक संभाव्य शत्रू ठरला, हा कॅलहन यांचा मुख्य युक्तिवाद आहे. ‘हे असे का झाले?’ या प्रश्नाला इतके भरीव उत्तर मला अन्यत्र मिळालेले नाही. मात्र पुस्तकाचा भर १९६२ पूर्वीच्या काळावर आहे. १९८८ नंतरच्या लष्करी राजवटीचा तपशील हवा असेल, तर हा ग्रंथ पुरा पडणार नाही.

माउंग आउंग म्यो यांचे ‘बिल्डिंग द तात्मादॉ’ सिंगापूरहून २००९ मध्ये निघाले. युद्धनीती, संघटना, शस्त्रसामग्री, अधिकाऱ्यांचे शिक्षण आणि लष्कराचा पैसा अशी त्याची विभागणी आहे, आणि ते बर्मी भाषेतील साधनांवर उभे आहे. बर्मी न येणाऱ्या विद्यार्थ्याला या एका कारणासाठीही ते विकत घेण्याजोगे आहे. १९९० मध्ये स्थापन झालेली युनियन ऑफ म्यानमार इकॉनॉमिक होल्डिंग्ज आणि १९९७ मधील म्यानमार इकॉनॉमिक कॉर्पोरेशन या स्वतःच्या उद्योगसमूहांद्वारे लष्कर अर्थव्यवस्थेत कसे शिरले, हे समजून घेण्यासाठी आर्थिक प्रकरण काळजीपूर्वक वाचावे. माझा आक्षेप दृष्टिकोनाबद्दल आहे. संस्थेकडे तिच्या आतल्या नजरेने पाहणाऱ्या या ग्रंथात, बंडखोरांचे अन्न, पैसा, माहिती आणि नवी भरती तोडणाऱ्या ‘चार तोडी’च्या मोहिमा हा युद्धनीतीचा एक टप्पा ठरतो. ज्या गावांवर त्या कोसळल्या, त्या गावांची बाजू अभ्यासकाला दुसरीकडे शोधावी लागते, आणि ती शोधणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

अँड्र्यू सेल्थ हे ऑस्ट्रेलियाचे माजी राजनैतिक अधिकारी आणि सामरिक गुप्तवार्ता-विश्लेषक. २००२ च्या ‘बर्माज आर्म्ड फोर्सेस: पॉवर विदाउट ग्लोरी’ या त्यांच्या ग्रंथात नौदल, हवाई दल, शस्त्रखरेदी आणि गुप्तवार्ता यंत्रणा यांचे विस्तृत चित्र आहे. त्यातला बराच भाग आता इतिहासजमा झाला आहे. गुप्तवार्ता यंत्रणेचेच पाहा: २००४ मध्ये तिचे प्रमुख खिन न्युंट यांची उचलबांगडी झाली आणि त्यांची यंत्रणा मोडीत निघाली. तरीही सेल्थ वाचायचे ते त्यांच्या सावधगिरीसाठी. अंदमानच्या उत्तरेकडील कोको बेटांवर चीनचा टेहळणी तळ आहे, असे भारतात अनेक वर्षे छातीठोकपणे सांगितले जात होते. पुढे २००५ मध्ये भारताच्या नौदलप्रमुखांनीच तसा तळ नसल्याचे सांगितले. एकाने लिहिलेले दुसऱ्याने उचलले आणि तिसऱ्याने ते पुरावा म्हणून दिले, अशी ही साखळी सेल्थ यांनी २००७ च्या निबंधात उलगडून दाखवली. भारतीय विद्यार्थ्याने तो निबंध प्रबंधाला हात घालण्यापूर्वीच वाचावा, असा माझा आग्रह आहे.

१९६२ ते १९८८ हाच कालखंड निवडला असेल, तर योशिहिरो नाकानिशी यांचे ‘स्ट्राँग सोल्जर्स, फेल्ड रिव्होल्यूशन’ हे २०१३ चे पुस्तक या तिन्हींच्या आधी हाती घ्यावे.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी सत्तापालटानंतरच्या स्थितीसाठी यांपैकी एकही ग्रंथ पुरेसा नाही. या लष्कराचे संख्याबळ वर्षानुवर्षे तीन ते चार लाख मानले जात होते. मे २०२३ मध्ये संशोधक ये म्यो हेन यांनी ते सुमारे दीड लाख आणि त्यांतील लढाऊ सैनिक सुमारे ७० हजार असल्याचा अंदाज मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजवटीने २०१० चा सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा लागू केला, ही घटना या अंदाजाला पूरकच आहे. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील संख्याबळ आजच्या विवेचनात जसेच्या तसे उतरवू नये.

लष्कराने राज्य का बळकावले, हा तुमचा प्रश्न असेल तर कॅलहन यांना पायाभूत माना. लष्कर स्वतःला कसे चालवते आणि पोसते, हा प्रश्न असेल तर माउंग आउंग म्यो यांचे पुस्तक आधी घ्या. भारताची सुरक्षा, चीन आणि बंगालचा उपसागर असा विषय असेल, तर सेल्थ यांच्यापासून सुरुवात करा. विषय अजून ठरलाच नसेल आणि हाती महिनाभराचाच अवधी असेल, तर कॅलहन यांचा ग्रंथ पूर्ण, माउंग आउंग म्यो यांचे आर्थिक प्रकरण आणि सेल्थ यांचा कोको बेटांवरील निबंध, या क्रमाने वाचावे.